बडोदेकरांनो, वही उघडा!

डिसेंबर 2023 मध्ये गुजरातचा गरबा युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेला आणि आपण सारे बडोदेकर हरखलो. हरखायलाच हवे. पण आपल्याच शहरात पूर्वरंग-उत्तररंगाचे मराठी कीर्तन आहे, आखाड्यांतला मल्लखांब आहे. त्यांची पाहणी कोणी करायची? सरकारने?

सरकारी कायदा दगडाला ओळखतो. प्राचीन स्मारकांच्या 1958 च्या कायद्याने संरक्षित केलेल्या वास्तूपासून 100 मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही. शेजारच्या चांपानेरला त्याचा आधार आहे. बंदिशीभोवती असा पट्टा कोण आखणार? अमूर्त वारशासाठी देशात स्वतंत्र कायदाच नाही. युनेस्कोचा 2003 चा करार भारताने 2005 मध्ये स्वीकारला खरा, पण त्यातली मेख ध्यानात घ्या: ज्यांची परंपरा, त्यांच्या सहभागाशिवाय आणि संमतीशिवाय तिला त्या यादीत जागा नाही. संस्कृती मंत्रालयाने 2013 मध्ये संगीत नाटक अकादमीमार्फत योजना आणली, तीही प्रस्तावावर चालणारी. मागितल्याशिवाय कोणी दारात येत नाही!

आणि आपला वारसा आपणच जपायचा, हे बडोद्याला शिकवायला हवे का? सयाजीराव महाराजांनी 1886 मध्ये गायनशाळा काढली, तिथल्या उस्ताद मौलाबक्षांनी चिजा स्वरलिपीत छापल्या. दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी इथूनच व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत काढले. त्यांच्या पाठीशी कुठला युनेस्को होता?

खंड कपाटात आहेत, म्हणून विद्या शाबूत आहे असे मात्र समजू नका. एरंडेलाने मळलेल्या सागवानी मल्लखांबावर अढीची पकड कशी घालायची, हे चित्र पाहून पोराला येत नाही. ऐन वेळी उस्तादाचा हात कमरेला लागतो, ‘सोड’ म्हणतो, तेव्हा ती जमते. तो हात म्हातारा होतो आहे.

तेव्हा उठा. गणपतीच्या वर्गणीतला डीजेचा वाटा यंदा कापा, एक बरा माईक घ्या. कीर्तनकार बुवांची आख्याने चालींसकट उतरवून घ्या. उस्तादांच्या पकडी चित्रित करा. कोणाकडून शिकले, कोणाला शिकवले, तेही लिहा. त्यांची संमती घ्या, मानधन द्या. फुकटच्या शाली पुरे झाल्या. मंडळांनी मंडळांशी भांडण्याचे हे काम नव्हे, एकच वही करा. मग अकादमीकडे प्रस्ताव धाडा, आणि आमदार-खासदारांकडे कायदा मागायला जाल तेव्हा ती वही त्यांच्या टेबलावर ठेवा.