लाइनमधला फॉल्ट तारीख बघून येतो का?

पोस्ट मोठी आहे. पण घरात वायफाय असेल आणि त्याचे पैसे तुम्ही भरत असाल, तर वेळ काढून वाचा.

आमच्या अंबडमध्ये दत्तनगरकडे एक ओळखीचं कुटुंब राहतं. वडील एमआयडीसीत शिफ्टला जातात, मुलगी बारावीत आहे, सीईटीची तयारी करते. क्लासची फी झेपणारी नव्हती, म्हणून ऑनलाइन कोर्स घेतला आणि त्या कोर्ससाठी घरात नेट घेतलं. नेटवाल्याने दारात उभं राहून सांगितलं, "काका, अनलिमिटेड आहे, बिनधास्त वापरा." तीन महिन्यांचे पैसे आगाऊ घेतले, जीएसटी वेगळा. पावती व्हॉट्सॲपवर आली. तिच्यावरही तेच, अनलिमिटेड.

पहिले पंधरा दिवस झकास. सोळा तारखेला नेट रांगायला लागलं. लेक्चर सुरू व्हायचं, गोल गोल फिरायचं, थांबायचं. तक्रार केली. "राउटर बंद करून चालू करा." केला. परत तक्रार. एक मुलगा आला, वायर हलवली, म्हणाला, "वरूनच प्रॉब्लेम आहे काका, एक-दोन दिवसांत होईल." ते एक-दोन दिवस महिनाअखेरपर्यंत चालले. आणि एक तारखेला सकाळी नेट आपोआप ठणठणीत!

दुसऱ्या महिन्यातही तेच, पुन्हा सोळा तारीख. तिसऱ्या महिन्यात सतरा. मुलीच्या दोन सराव परीक्षा अर्ध्यात बंद पडल्या. पेपर सबमिटच झाला नाही, गुण शून्य. पोरगी रडली. वडिलांना वाटलं ही मोबाइल खेळत बसते आणि नेटच्या नावाने खडे फोडते. घरात त्यावरून वाद झाला. तेव्हा कुठे त्यांनी मला फोन केला, "भाऊ, तुम्ही पेपरवाले, जरा बघा ना."

मी फक्त तारखा विचारल्या. सोळा, सोळा, सतरा. मंडळी, उंदराने वायर कुरतडली तर तो तारीख बघून कुरतडतो का?

कंपनीच्या ऑफिसला फोन लावला. मी कोण, काय, हे सांगितलं. समोरची ताई शांतपणे म्हणाली, "सर, त्यांची एफयूपी संपली आहे. पाचशे जीबी झाले." तीन महिन्यांत पहिल्यांदा हा आकडा कोणीतरी तोंडातून काढला. पुढचं वाक्य काय असेल, ओळखा. "वरचा प्लॅन घेऊन टाका ना सर."

आता ही एफयूपी म्हणजे काय, ते सांगतो. फेअर यूसेज पॉलिसी. महिन्याला ठरावीक जीबीपर्यंत कबूल केलेला स्पीड, त्यानंतर कंपनी स्पीड पाडणार. नेट बंद होत नाही, म्हणून कागदावर ते "अनलिमिटेड". नळाला महिनाभर पाणी येतं, फक्त सोळा तारखेपासून थेंब थेंब येतं. याला कोणी चोवीस तास पाणीपुरवठा म्हटलं असतं तर आपण मनपावर मोर्चा नेला असता.

हे कोणी माणूस बसून करत नाही. तुमच्या कनेक्शनला एक युजरनेम असतो. त्यावर किती डेटा गेला, याचा हिशोब कंपनीच्या सर्व्हरवर चालू असतो. आकडा ओलांडला की सर्व्हर स्वतःहून तुम्हाला खालच्या स्पीडला टाकतो आणि महिना पालटला की परत वर घेतो. म्हणजे कंपनीला मिनिटामिनिटाची खबर असते. तरी आपल्याला सांगतात, "वरूनच प्रॉब्लेम आहे." एका अर्थी खरंच आहे म्हणा, वरूनच आहे!

आणि मेसेज पाठवायला यांना जमत नाही असं समजू नका. रिचार्ज संपत आला की पाच दिवस आधीपासून रोज मेसेज येतो. पैसे मागायचे मेसेज वेळेवर, माल संपल्याचा मेसेज मात्र नाही.

यावर नियम आहे का? आहे. दूरसंचार नियामक म्हणजे ट्रायने ३१ ऑक्टोबर २०१६ ला यावर निर्देश काढलेला आहे. प्लॅनमध्ये डेटाची मर्यादा किती, मर्यादेपर्यंत स्पीड किती आणि मर्यादा संपल्यावर किती, हे कंपनीने वेबसाइटवर आणि जाहिरातीत स्पष्ट द्यायचं. वापर अर्ध्यावर आला, संपत आला, संपला, अशा टप्प्यांवर ग्राहकाला कळवायचं. आणि मर्यादा संपली तरी घरच्या ब्रॉडबँडचा स्पीड ५१२ केबीपीएसच्या खाली न्यायचा नाही.

हे ५१२ केबीपीएस म्हणजे किती, तेही बघा. या स्पीडने एक जीबी उतरवायला चार तास वीस मिनिटं लागतात. तासाभराचं लेक्चर बऱ्या क्वालिटीत बघणं विसरा. आणि गंमत अशी की जानेवारी २०२३ पासून केंद्र सरकारच्याच व्याख्येनुसार किमान २ एमबीपीएस स्पीड असेल तरच त्याला ब्रॉडबँड म्हणायचं. २००४ च्या धोरणात ही पट्टी २५६ केबीपीएस होती, २०१३ मध्ये ५१२ झाली, आता २ एमबीपीएस. म्हणजे २०१६ मध्ये ५१२ चा तळ ठरवला तेव्हा त्याला निदान ब्रॉडबँड म्हणता येत होतं. आज त्याच तळाला ढकललेला ग्राहक पैसे ब्रॉडबँडचे देतो आणि त्याला मिळतं ते सरकारच्या लेखी ब्रॉडबँडच नाही.

पाचशे जीबी गेले कुठे, हाही प्रश्न होताच. वडिलांचा संशय पोरीवर. मी घरात जाऊन बघितलं. जिन्यात एक कॅमेरा लावलेला. गल्लीत गाड्यांमधून पेट्रोल चोरीला जात होतं, म्हणून गेल्या वर्षी बसवला. रेकॉर्डिंग मेमरी कार्डवर नाही, क्लाउडवर, चोवीस तास. असा कॅमेरा २ एमबीपीएसने सतत फुटेज वर पाठवत असेल, तर दिवसाला साडेएकवीस जीबी होतात. महिन्याला जवळजवळ ६५० जीबी! बऱ्याच प्लॅनमध्ये अपलोड आणि डाउनलोड दोन्ही मोजतात. म्हणजे घरातलं एकही माणूस नेटला शिवलं नसतं, तरी या एका कॅमेऱ्याने तेविसाव्या-चोविसाव्या दिवशी मर्यादा संपवली असती. मुलीची लेक्चरं, धाकट्याची कार्टून्स, आईच्या मालिका सगळं मिळून दिवसाला दहा जीबी धरा. सोळावा दिवस बरोबर येतो.

पोरीची माफी मागा म्हटलं आधी. मागितली त्यांनी.

पण मर्यादेचा आकडा पहिल्याच दिवशी सांगितला असता, तर हा हिशोब त्या घराने स्वतः केला असता. कॅमेऱ्यात दीड-दोन हजारांचं कार्ड घातलं असतं, विषय संपला असता. आता घातलं. त्या महिन्यात सोळा गेली, वीस गेली, पंचवीस गेली, नेट ठीक चाललं. वरचा प्लॅन घ्यावा लागला नाही. आकडा लपवण्यात कोणाचा फायदा होता, ते यावरून समजून घ्या.

मोठ्या कंपन्यांचे आकडे याहून मोठे आहेत, हे मान्य. २०२० च्या ऑगस्टअखेरीस जिओफायबरने "ट्रूली अनलिमिटेड" नावाने ३९९ रुपयांपासून प्लॅन आणले. अटींत बारीक अक्षरात मर्यादा होती ३३०० जीबी. पाठोपाठ एअरटेल आणि बीएसएनएलच्या प्लॅनमध्येही हाच ३३०० चा आकडा दिसला. छतावर डबा बसवून बिनतारी येणाऱ्या जिओ एअरफायबरला १००० जीबीची मर्यादा ठेवली. साध्या घराला ३३०० जीबी भरपूर होतात, उगाच बोंब मारण्यात अर्थ नाही. पण जाहिरातीतल्या स्पीडशी हा आकडा जोडून बघा. १०० एमबीपीएसचं कनेक्शन पूर्ण स्पीडने चालवलं तर दिवसाला १०८० जीबी होतात. ३३०० जीबी तीन दिवसांत खलास. १ जीबीपीएसचा महागडा प्लॅन तर साडेसात तासांतच मर्यादा गाठेल. तसं कोणी घरात चालवत नाही, मलाही कळतं. पण मग एवढी मोठी मर्यादाही सांगायला लाज का वाटते? "३३०० जीबी" असं होर्डिंगवर मोठ्या अक्षरात लिहा की. लोक काय पळून जाणार आहेत?

जुने लोक आठवत असतील, बीएसएनएलच्या डेटावनच्या काळात मर्यादा उघड सांगितलेली असायची. तिच्यावर गेलात की एमबीच्या हिशोबाने पैसे. काही प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ फुकट. मी स्वतः रात्री दोनचा गजर लावून उठलेला माणूस आहे. डाउनलोड लावायचं आणि परत झोपायचं. कंजूषपणा होता, पण फसवणूक नव्हती.

कंपन्यांचं एक म्हणणं ऐकून घ्यायला हवं. एकाच फायबरवर बत्तीस, कधी चौसष्ट घरं असतात. नेहमीच्या जीपॉन तंत्रात त्या सगळ्यांत मिळून अडीच जीबीपीएसच्या आसपास खाली येतं. एकाने घरगुती कनेक्शन घेऊन दहा दुकानांना वाटलं, तर बाकीच्यांनी काय करायचं? प्रश्न रास्त आहे. घरगुती कनेक्शनचा धंदा करणाऱ्यावर कारवाई करा, माझी ना नाही.

पण गर्दी असते ती संध्याकाळी आठ ते अकरा. महिन्याच्या मर्यादेने ती कशी कमी होणार? पहाटे तीनला कोणी शंभर जीबी उतरवले तर त्याचा शेजाऱ्याला शून्य त्रास, पण मीटरवर ते मोजले जातात. उलट एक तारखेला सगळ्यांचे मीटर शून्यावर येतात, त्या रात्री आठला सगळे फुल स्पीडने तुटून पडू शकतात. अमेरिकेत कॉमकास्ट ही मोठी कंपनी वर्षानुवर्षं अशी मर्यादा लावत आली. मार्च २०२० मध्ये, सगळा देश घरात बसून काम करत असताना, म्हणजे वापर सर्वांत जास्त असताना, तिने मर्यादा काही महिने उठवली. नेटवर्क कोसळलं नाही. मग ती मर्यादा नेटवर्क वाचवायला होती की वरचे पैसे काढायला? हाच प्रश्न मी अंबडमधल्या नेटवाल्यांना विचारतोय.

पोरांवर माझा राग नाही, हेही लिहून ठेवतो. खांबावर चढणारा, वायर ओढणारा मुलगा आपल्याच गल्लीतला असतो. त्याला वरून सांगतात तेच तो बोलतो, आणि लोकांच्या शिव्या तोच खातो. राग आहे तो कॉल सेंटरला "फॉल्ट" म्हणायला शिकवणाऱ्यांवर. आणि हो, थोडा आपल्यावरही. आपण भाजी घेताना काटा बघतो, पेट्रोल भरताना शून्य बघतो, आणि तीन महिन्यांचे पैसे देताना "किती जीबी?" एवढं विचारत नाही.

तर आता काय करायचं? नवीन कनेक्शन घेताना तीन गोष्टी व्हॉट्सॲपवर लिहून मागा. मर्यादा किती जीबी, ती संपल्यावर स्पीड किती, आणि अपलोड धरतात का. लिहून देत नसेल तर पैसे देऊ नका. दुसरा नेटवाला दोन खांब सोडून असतो. नेट मंदावलं की तक्रार फोनवर करून सोडून देऊ नका, तक्रार क्रमांक घ्या आणि एकच सरळ प्रश्न विचारा, "माझी एफयूपी संपली आहे का?" उत्तर लेखी मागा. मोठ्या कंपन्यांत तक्रारीवर समाधान झालं नाही तर वर अपील अधिकारी असतो, त्याच्याकडे जा. ट्रायकडे एकेका ग्राहकाची तक्रार ऐकली जात नाही, तिकडे अर्ज लिहून महिना घालवू नका.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. आणि नाशिकला जिल्हा ग्राहक आयोग आहे. टेलिकॉमची तक्रार ग्राहक आयोगात चालत नाही, असं कोणी सांगितलं तर त्याला सांगा, १६ फेब्रुवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने व्होडाफोन आयडियाच्या खटल्यात ती चालते असा निकाल दिलाय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगात फीसुद्धा लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

त्या कुटुंबाने मागच्या आठवड्यात कंपनीला लेखी पत्र दिलंय. मागणी साधी आहे. तीन महिन्यांत मर्यादा संपल्याचे मेसेज पाठवले असतील तर त्याचा पुरावा द्या, नसेल पाठवले तर त्या दिवसांचे पैसे परत करा. पत्राची पोच घेतली आहे. नाव मी आज लिहीत नाही, उत्तराला त्यांना पंधरा दिवस दिलेत. उत्तर काय येतं ते इथेच लिहीन.

तोवर दत्तनगर, चुंचाळे, अंबड गाव, उत्तमनगर, पवननगर, पाथर्डी फाटा, जिथे जिथे दर महिन्याला ठरावीक तारखेलाच "फॉल्ट" येतो, त्यांनी मला तीन गोष्टी पाठवा. तारीख, पावतीचा फोटो, आणि मर्यादा संपल्याचा मेसेज. मेसेज आला नसेल तर तसंच लिहा.