रोबो कपाटात, गुरुजी शिबिरात

पहिली ते चौथीच्या पोरांना रोबोटिक्स आणि कोडिंग शिकवायची सध्या लाट आलीय. पुण्या-मुंबईच्या महागड्या शाळांपुरती ती होती तोवर आपल्याला देणंघेणं नव्हतं. पण पेण-रोह्याच्या जिल्हा परिषद शाळांतही तेच मॉडेल न्यायची भाषा ऐकली की डोकं सणकतं.

मॉडेल काय, तर सीएसआरमधून किट घ्यायचं, शिक्षकांना एक दिवस तालुक्याला बोलावून पीपीटी दाखवायची, प्रमाणपत्र, ग्रुप फोटो. संपला विषय! २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामाला लावायला सांगितली, हे उत्तमच झालं. पण किटचं बिल फायलीला जोडता येतं. शिक्षकाच्या डोक्यात काय उतरलं, त्याचं बिल कुठून आणणार?

जरा हिशोब करू. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६० मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला शिक्षक २. वर्ग ४. त्यातल्या बाई प्रशिक्षणाला गेल्या की त्या दिवशी चारही वर्ग गुरुजींच्या गळ्यात. बाई परत आल्या, किट उघडलं, सेन्सर चालेना. आता विचारायचं कोणाला? मग किट कपाटात, चावी मुख्याध्यापकांकडे. आपल्याकडे नवं टूल आलं तर आठवडाभर नॉलेज ट्रान्सफर चालतं, शेजारी सीनियर बसलेला असतो, वर गूगल आहेच. तरी रिलीजच्या रात्री तंतरते आपली. आणि बाईंना मात्र एका दिवसात सगळं यायला हवं. वा रे न्याय!

"मग गावातल्या पोरांनी मागेच राहायचं का?" असं कोणीतरी विचारणारच. अजिबात नाही. पण २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणसुद्धा कोडिंग सहावीपासून आणतं. अटल टिंकरिंग लॅबही सहावीपासूनच. त्याआधी लागते ती नीट विचार करायची सवय, आणि तिला बॅटरी लागत नाही. सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी 'लोगो' भाषा केली. तिच्यातलं कासव अडलं की मूल स्वतः कासव होऊन चालून बघायचं. न्यूझीलंडच्या टिम बेल आणि मंडळींनी तर १९९० च्या दशकात कॉम्प्युटरशिवाय कॉम्प्युटर सायन्स शिकवायचे खेळच तयार केले.

पेणच्या पोराला क्रम समजवायला रोबो कशाला हवा? गणपती साच्यातून निघतो, सुकतो, घासला जातो, रंगतो, मग डोळ्यांची आखणी. ओल्या मूर्तीला रंग लावला तर काय होईल, विचारा त्याला. रोह्याच्या पोरीला 'जर-तर' रेल्वेच्या सिग्नलवरून कळेल. अंगणात खडूने चौकोन आखा. एक मूल रोबो, दुसरं सूचना देणार. "दोन पावलं पुढे, उजवीकडे वळ." रोबो भिंतीवर आपटला की अख्खा वर्ग चूक शोधायला लागतो. यालाच आपण डीबगिंग म्हणतो आणि त्याचा पगार घेतो. इथे खर्च एक खडू.

मात्र चूक कुठे झाली हे मुलांनाच शोधू द्यायचं, उत्तर आपण सांगून टाकायचं नाही, हे जमायला सराव लागतो. तो एका दिवसात होत नाही. त्याच धोरणात शिक्षकांसाठी वर्षाला किमान ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलंय. त्यातले १० तास याला द्या, पण तुकड्या-तुकड्यांनी, केंद्राच्या शिक्षण परिषदेत. मधल्या काळात कोणीतरी शाळेत जाऊन बाईंच्या शेजारी उभं राहायला हवं. तास बाईच घेतील, अडलं तर हा मदतीला. सीएसआरचा पैसा या माणसाच्या पगाराला लावा ना!

आणि आपण आयटीवाले? एका दिवसाचा रोबो-शो करायला कृपा करून जाऊ नका. शनिवारी शाळा सकाळची असते. वर्षभर, महिन्यातून एकदा, त्याच शाळेत, त्याच बाईंकडे जाणार असाल तर जरूर जा. नाहीतर पेणला न थांबता सरळ अलिबाग गाठा आणि मासे खा. बाईंचा एक दिवस तरी वाचेल.