दुसऱ्या मोजणीचीही बातमी हवी

ययाती तारकासमूहाच्या दिशेने सुमारे २४ कोटी प्रकाशवर्षे दूर दीर्घिकांची मोठी गर्दी आहे. त्या गर्दीतली ‘एनजीसी १२७७’ ही लहानशी भिंगाकार दीर्घिका. तिला आपल्या आकाशगंगेसारखे सर्पिल फाटे नाहीत. मसुराच्या दाण्यासारखी मध्ये फुगीर, कडेला चपटी. २०१२ मध्ये तिला एकदम प्रसिद्धी मिळाली. तिच्या केंद्रातले कृष्णविवर १७ अब्ज सूर्यांइतके, म्हणजे तिच्या ताऱ्यांच्या एकूण वस्तुमानाच्या १४ टक्के भरते, असे ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. एरवी हे प्रमाण एक टक्क्याच्याही आत असते.

पुढच्याच वर्षी त्याच माहितीची फेरमांडणी झाली आणि आकडा ५ अब्जांवर उतरला. २०१६ मध्ये अधिक बारकाईच्या निरीक्षणांतून एका गटाला साधारण तेवढाच आकडा मिळाला, दुसऱ्या गटाला अवघा १.२ अब्ज. कृष्णविवर दिसत नाही. भोवतीच्या ताऱ्यांच्या वेगावरून त्याचे वजन काढावे लागते, आणि इतक्या अंतरावर केंद्राजवळचे तारे सुटे दिसत नाहीत. त्यामुळे गृहीतके बदलली की उत्तर बदलते. रक्ततपासणीत भलताच आकडा आला की डॉक्टर ती पुन्हा करायला सांगतात, तसेच हे. (तेव्हाही घरची मंडळी लॅबवर चिडतातच!) मात्र १७ अब्जांचा जेवढा गाजावाजा झाला, तेवढा ५ किंवा १.२ अब्जांचा झाला नाही. यात दोष शास्त्रज्ञांचा नाही, बातमी देणाऱ्यांचा आहे.

खरे तर ही दीर्घिका विक्रमावाचूनही विलक्षण आहे. तिचे तारे १० अब्ज वर्षांपूर्वीच घडले. नंतर जवळपास काहीच नाही. मोठ्या दीर्घिका लहानांना गिळत वाढतात आणि त्यांचे निळसर तारकागुच्छ बाळगतात. हबल दुर्बिणीला इथे जवळजवळ सगळे लालसरच गुच्छ आढळले. म्हणजे हिने फारसे कोणाला गिळलेच नाही.

२०२३ मध्ये नवा दावा आला: तिच्या तपासलेल्या भागात कृष्णद्रव्य ५ टक्क्यांहून जास्त नसावे. अपेक्षा किमान १० टक्क्यांची होती. ते शेजाऱ्यांच्या ओढाताणीत निसटले असेल काय? या स्पष्टीकरणाने संशोधकांचेही पुरते समाधान झालेले नाही. कॅनरी बेटांवरच्या विल्यम हर्शेल दुर्बिणीतून पुढची निरीक्षणे करण्याचा त्यांचा मानस आहे. त्यांत हा आकडा वाढला, तर ती बातमीही पहिलीइतक्याच ठळकपणे छापली जावी.