धावण्याला मुभा, थांबण्याला मज्जाव

टाळेबंदीविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले. त्यातले बरेचसे भुकेविषयी, स्थलांतराविषयी आणि मृत्यूविषयी होते, आणि ते योग्यच होते. परंतु त्या काळातील नियमांच्या भाषेने माणसाच्या सहवासाचे जे मोल ठरवले, त्याकडे साहित्याच्या अभ्यासकाने पाहायला हवे. त्यासाठी काहीसे गमतीचे वाटेल असे एक उदाहरण घेऊ.

‘हॅश हाउस हॅरियर्स’ हे धावणाऱ्यांचे मंडळ १९३८ साली क्वालालंपूरमध्ये ए. एस. गिस्पर्ट या हिशेबनिसाने आणि त्याच्या मित्रांनी सुरू केले. या खेळाचे मूळ इंग्लंडमधील शाळांच्या ‘ससा आणि कुत्रे’ या खेळात आहे. टॉमस ह्यूजच्या ‘टॉम ब्राउन्स स्कूलडेज’ (१८५७) या कादंबरीत त्याचे वर्णन आढळते. एकदोघे ‘ससे’ पिठाच्या किंवा कागदाच्या खुणा टाकीत पुढे जातात आणि उरलेले माग काढतात. काही वाटा मुद्दाम फसव्या ठेवलेल्या असतात. पुढे गेलेला चपळ गडी अशा वाटेवरून परत येईपर्यंत मागचा दमलेला गडी त्याला गाठतो. म्हणजे सर्वांना बरोबर पोचवण्याची योजना या खेळाच्या रचनेतच आहे. शेवटी सारे वर्तुळ करून उभे राहतात, एकमेकांना लटक्या शिक्षा ठोठावतात आणि बिअर पितात. मंडळाच्या १९५० सालच्या उद्दिष्टांत तंदुरुस्तीबरोबरच चांगली तहान लागणे आणि ती बिअरने भागवणे यांचाही समावेश होता. धावणे हा जर पूर्वार्ध असेल, तर अर्थ उत्तरार्धात लागतो.

पुढे जगभर पसरलेल्या या खेळाची महामारीत इंग्लंडमध्ये कशी फाळणी झाली ते पाहण्यासारखे आहे. मार्च २०२० मध्ये पब बंद झाले. दिवसातून एकदा व्यायामासाठी बाहेर पडण्याची मुभा मात्र राहिली. १४ सप्टेंबर २०२० पासून सहा जणांचा नियम आला. संघटित खेळांना अटींवर त्यातून सूट होती, पबमधल्या टेबलाला नव्हती. रानात एकत्र धावलेली माणसे पेल्यापाशी येताच मोजली जाऊ लागली. जानेवारी २०२१ मध्ये तर डर्बीशरमध्ये गरम पेयाचे पेले घेऊन फिरायला आलेल्या दोन मैत्रिणींना पोलिसांनी दंड केला. गरम पेय हातात असल्याने ही सहल ठरते, असे त्यांना सांगण्यात आले. पुढे दंड मागे घेऊन पोलिसांनी क्षमा मागितली. असो.

यावर कोणी म्हणेल, विषाणूला पूर्वार्ध आणि उत्तरार्ध कळत नाहीत. ते खरेच आहे. बंद खोलीतले गाणे-हसणे मोकळ्या माळावरच्या धावण्यापेक्षा निश्चितच घातक होते. म्हणून आमचा आक्षेप बंदीला नाही, तिच्या विशेषणाला आहे. ‘धोकादायक’ आणि ‘अनावश्यक’ ही दोन भिन्न विशेषणे आहेत. पहिले परिस्थितीविषयी बोलते, दुसरे माणसाच्या गरजेविषयी निवाडा देते. नियमांच्या भाषेत ती एकमेकांत मिसळली. जे घातक म्हणून थांबवायचे होते, ते जणू नसले तरी चालते म्हणून थांबले.

हा शब्दच्छल नव्हे. धोका सरला की धोकादायक गोष्ट परत येते. अनावश्यक ठरलेल्या गोष्टीला मात्र परतण्यासाठी कारण दाखवावे लागते. आपल्या महाविद्यालयांतही व्याख्यान आवश्यक ठरले आणि पडद्यावर गेले. व्याख्यानानंतर चहाच्या टपरीवर चालणारा वाद कुठल्याच वेळापत्रकात नव्हता, म्हणून तो गेल्याची नोंदही झाली नाही. कवितेचा अर्थ कित्येकदा तिथेच लागतो, हे आपण शिक्षक जाणतो. तरीही ती टपरी आपल्याला आवश्यक होती, असे आपण तेव्हा कुठे म्हटले?