मृतांच्या तोंडी आपले शब्द

प्रियजनाच्या निधनानंतर त्याच्याशी असलेले नाते मनातून सोडविल्याखेरीज दुःख ओसरत नाही, असे मानसशास्त्रात दीर्घकाळ मानले जाई. १९९६ साली डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन व स्टीव्हन निकमन यांनी संपादिलेल्या ‘कंटिन्युइंग बाँड्स’ या ग्रंथाने त्या मताला छेद दिला. नाते मृत्यूनंतरही टिकते, त्याचे रूप तेवढे पालटते, असे त्यांनी प्रतिपादिले. २ नोव्हेंबरला दफनभूमीत मेणबत्त्या लावणाऱ्या आपल्या कुटुंबांना यात नवल वाटू नये. नवल वाटावे ते या नात्याच्या नावाखाली आज जे मांडले जात आहे त्याचे.

फेब्रुवारी २०२० मध्ये दक्षिण कोरियातील एमबीसी दूरचित्रवाणीने एका मातेची, २०१६ साली वारलेल्या तिच्या सात वर्षांच्या मुलीशी संगणकनिर्मित ‘भेट’ घडवून आणली. त्या मातेला त्यातून दिलासा लाभला. तिच्या अश्रूंचा उपहास करण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु मुलीच्या तोंडचे शब्द कार्यक्रम करणाऱ्यांनी रचलेले होते, हे कसे विसरावे? जून २०२२ मध्ये ॲमेझॉन कंपनीने दिवंगत आजीच्या आवाजात नातवाला गोष्ट वाचून दाखविणाऱ्या यंत्राचे प्रात्यक्षिक केले. मिनिटभराहूनही कमी ध्वनिमुद्रण त्यास पुरते, असे सांगण्यात आले. आज गोष्ट, उद्या त्याच आवाजाने वाडीच्या वाटणीविषयी मत दिले, तर ‘मी असे बोललेच नाही’ हे सांगायला आजी कोठून येणार?

मग तंत्रज्ञान वर्ज्यच मानावे काय? मुळीच नव्हे. जपानमधील ओत्सुची येथे इतारू सासाकी यांनी २०१० साली आपल्या नात्यातील दिवंगत भावाच्या स्मरणार्थ बागेत दूरध्वनीची लहानशी पांढरी खोली उभारली. त्या दूरध्वनीला तारच जोडलेली नाही. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर हजारो शोकाकुल माणसे तेथे आली आणि आपल्या माणसांशी बोलली. पलीकडून उत्तर येत नाही, आणि तशी बतावणीही तेथे कोणी करीत नाही. त्या मौनात मृताचा मान राखला जातो.

वाचकहो, वडिलांचा खराखुरा आवाज, आईची पत्रे, जुनी छायाचित्रे संगणकावर अवश्य जतन करा. आपल्या पश्चात आपल्या आवाजाचे काय करावे, हेही हयातीतच घरच्यांना सांगून ठेवा. त्यांनी उच्चारलेले शब्द पुन्हा ऐकणे ही स्मृती होय. न उच्चारलेले शब्द त्यांच्या तोंडी घालणे ही खोटी साक्ष होय. मृतांना ती खोडून काढता येत नाही, म्हणूनच ती न देण्याची जबाबदारी आपली आहे.