ब्याण्णव हजारांची भीती

जुलै-ऑगस्ट हे माझ्यासारख्या संगणकाच्या मास्तरांकडे पाहुणे येण्याचे दिवस. बारावीचे निकाल लागलेले असतात, प्रवेशाच्या फेऱ्या चालू असतात आणि ज्यांची वर्षभर गाठ पडत नाही अशी मंडळीही पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभी राहतात. पेढा तोंडात जातो न जातो तोच प्रश्न येतो, "सर, लॅपटॉप कोणता घ्यायचा?"

यंदा बार्शीहून माझ्या आतेभावाचे शेजारी आले. सोबत मुलगी. तिचा पुण्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला नंबर लागला होता. वडील खताच्या दुकानात हिशेब लिहितात. त्यांनी खिशातून घडी घातलेले कोटेशन काढून माझ्यासमोर ठेवले. गेमिंग लॅपटॉप, वेगळे ग्राफिक्स कार्ड, किंमत ब्याण्णव हजार. "धाकट्याच्या नावची ठेव मोडतोय," ते म्हणाले. "पण पोरीला तिथं कमी पडायला नको." मुलगी पेढ्यांच्या पुड्याचा दोरा बोटाभोवती गुंडाळत बसली होती.

मी तिला विचारले, "तू गेम खेळतेस का गं?" ती म्हणाली, "नाही सर, पण सीनियर म्हणाले ग्राफिक्स कार्ड लागतंच."

लागतंच! आता पहिल्या दोन वर्षांत ही मुले करतात काय? सी किंवा पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहितात, याद्या आणि झाडे रचतात, डेटाबेसला प्रश्न विचारतात. ग्राफिक्स कार्ड तोवर बहुतेक झोपलेलेच असते. फक्त त्याचे वजन मुलीच्या खांद्यावर आणि त्याचा चार्जर, विटेएवढा, तिच्या पिशवीत. पुढे मशीन लर्निंगसारखा विषय आलाच, तर गूगलच्या कोलॅबसारख्या सोयीतून दूरवरच्या संगणकावरचे ग्राफिक्स कार्ड काही मर्यादेत फुकट वापरता येते.

आज जगभरातले असंख्य सर्व्हर ज्या लिनक्सवर चालतात, त्याची सुरुवात १९९१ साली हेलसिंकीतल्या एका विद्यार्थ्याने केली. लायनस टोरवाल्ड्सच्या त्या ३८६ संगणकाची मेमरी होती ४ एमबी. आता एक फोटो काढला तरी तेवढी जागा जाते. (तो संगणकही त्याने हप्त्यांवरच घेतला होता, हे मात्र मी बार्शीच्या गृहस्थांना सांगितले नाही!)

मेमरीत मात्र काटकसर करू नये. १६ जीबी हवी, कारण पुढे एका संगणकाच्या पोटात दुसरा चालवावा लागतो, मोबाइलचे ॲप बनवावे लागते, तेव्हा ८ जीबी रडकुंडीला येते. साठवणीसाठी एसएसडी, ५१२ जीबी असेल तर उत्तम. त्याहून महत्त्वाचा कीबोर्ड. चार वर्षे बोटे त्यावर चालणार आहेत. दुकानात उभ्याउभ्या पानभर मजकूर टाइप करून पाहा, विक्रेता कंटाळला तरी चालेल. आणि मेमरी नंतर वाढवता येते की बोर्डावर कायमची डकवलेली आहे, हे विचाराच.

कंपन्यांनी वापरून काढलेले, दुरुस्त करून वॉरंटीसह विकले जाणारे लॅपटॉप मिळतात. ऑफिसच्या कामासाठी बनलेली ही यंत्रे दणकट असतात आणि त्यांचे सुटे भागही सापडतात. फक्त इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीच्या आतला घेऊ नये. विंडोज १० चा नेहमीचा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि विंडोज ११ त्याहून जुन्या प्रोसेसरवर अधिकृतपणे सहसा चालत नाही. बॅटरी थकलेली असणार हे धरूनच चालावे, नवीची किंमत आधीच हिशेबात घ्यावी.

हे सारे मी त्यांना सांगितले. पण बोलता बोलता माझे मलाच खटकत होते. ही निवड बापाच्या गळ्यात आली कशी? मी शिकलो तेव्हा घरी संगणक असणे ही कल्पनाच नव्हती. वहीत प्रोग्रॅम लिहायचा, पेन्सिलीने एकेक ओळ चालवून पाहायचा आणि मग प्रयोगशाळेत दोघांत एक असा तासभर संगणक मिळायचा. यंत्रे जुनाट, पण ती कॉलेजची होती. आज कितीतरी कॉलेजांत चांगली, वातानुकूलित प्रयोगशाळा आहे, आणि संध्याकाळी पाच वाजता तिला कुलूप लागते. वाचनालय परीक्षेच्या काळात रात्री उघडे राहते. संगणकांनी काय पाप केले आहे? माझ्या स्वतःच्या कॉलेजात मी हा विषय तीनदा काढला. उत्तर एकच, शिपाई कोण थांबणार? एका शिपायाचा पगार वाचतो आणि त्याचे बिल शे-दीडशे घरांत ठेवी मोडून भरले जाते. माहितीपुस्तकात गणवेशाचा रंग लिहिलेला असतो, पण या अभ्यासक्रमाला कोणता लॅपटॉप पुरतो याच्या चार ओळी नसतात. त्या चार ओळी मग दुकानदार लिहितो.

मुलीची अडचण मला उशिरा कळली. वडील पाणी प्यायला आत गेले तेव्हा ती हळूच म्हणाली, "सर, जुना नेला तर मुलं हसतील का?" यावर माझ्याकडे तांत्रिक उत्तर नव्हते. काही जण हसतील, असे मी तिला खरेच सांगितले. पहिल्या सबमिशनपर्यंत.

गेल्या आठवड्यात त्यांनी जुना लॅपटॉप घेतला, मेमरी वाढवून तेहेतीस हजारांत. 'ए' अक्षर थोडे पुसट झालेले आहे. ठेव तशीच आहे. काल रात्री पुन्हा वडिलांचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाले, आणि ठेवता ठेवता म्हणाले, "सर, खरंच पुरेल ना?"