मुदत संपलेला गुन्हा

जुलिओ आंद्रेओत्ती सात वेळा इटलीचे पंतप्रधान झाले, पण एवढ्यावरून त्यांच्या सत्तेची लांबी कळत नाही. १९४७ मध्ये, तिशीही गाठली नव्हती तेव्हा, पंतप्रधान द गास्पेरींच्या हाताखाली ते सरकारात आले आणि संरक्षण, अर्थ, परराष्ट्र अशी खाती सांभाळत १९९२ पर्यंत सत्तेच्या अवतीभोवतीच राहिले. इटलीतली सरकारे वर्षा-दीड वर्षात कोसळत. परदेशी वार्ताहरांना त्याची गंमत वाटे. गंमत वाटावी असे त्यात काही नव्हते, कारण सरकारे बदलत तरी खुर्च्यांवरची माणसे तीच असत.

कम्युनिस्ट पक्षाला १९७६ मध्ये ३४ टक्के मते मिळाली, तरी शीतयुद्धाच्या राजकारणात त्याला सरकारात घ्यायचे नाही हे ठरलेले होते. त्यामुळे आंद्रेओत्तींच्या ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाला हरण्याची धास्तीच उरली नाही. अशा पक्षात खरी निवडणूक आतल्या आत होते, गटागटांत. आंद्रेओत्तींचा गट मुळात रोम आणि आसपासच्या लात्सिओपुरता. १९६८ मध्ये पालेर्मोचे माजी महापौर साल्वो लिमा त्यांना येऊन मिळाले आणि सिसिलीतल्या मतांचे गठ्ठे या गटाकडे वळले.

हे लिमा कोण, माफियाशी त्यांची जवळीक किती, हे कोणापासून लपलेले नव्हते. त्यांच्या कारकिर्दीत पालेर्मोतल्या बागा आणि जुन्या हवेल्या पाडून सिमेंटच्या इमारती उठल्या. वास्तुकार एर्नेस्तो बाझिले यांनी बांधलेली व्हिला देलिएल्ला १९५९ मध्ये घाईघाईने पाडली गेली. ती जागा पुढे कित्येक दशके मोकळीच राहिली; तिथे गाड्या उभ्या राहू लागल्या. असा माणूस १९७४ मध्ये आंद्रेओत्तींच्या अर्थसंकल्प मंत्रालयात राज्यमंत्री झाला, तेव्हा अर्थतज्ज्ञ पाओलो सिलोस लाबिनी मंत्रालयाच्या समितीचा राजीनामा देऊन बाहेर पडले. बाकीच्यांनी मते मोजली. मला या सगळ्या चरित्रात हाच क्षण कळीचा वाटतो. कायदा कुठे मोडला नव्हता, आरोपपत्र नव्हते. होती ती फक्त सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट, आणि तिच्याकडे काणाडोळा करण्याची सोय.

जानेवारी १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माफियाविरुद्धच्या महाखटल्यातल्या शिक्षा कायम केल्या. १२ मार्चला लिमांना पालेर्मोजवळच्या मोंदेल्लोत गोळ्या घातल्या गेल्या. माफियाला संरक्षण देणारा आता उपयोगाचा राहिला नाही, असा त्याचा अर्थ लावला गेला. पुढे खुद्द आंद्रेओत्तींवर माफियाशी संबंधांबद्दल पालेर्मोत खटला चालला. १९९९ मध्ये ते सुटले. २००३ मध्ये अपील न्यायालयाने मात्र निकालाचे दोन तुकडे केले: १९८० च्या वसंतानंतरच्या काळाबाबत निर्दोष, त्याआधी माफियाशी संबंध होते, पण त्या गुन्ह्याबद्दल शिक्षा करण्याची मुदत टळून गेलेली. माफियाचा म्होरक्या स्तेफानो बोन्तातेशी झालेल्या भेटीही त्या न्यायालयाने खऱ्या धरल्या. २००४ मध्ये हा निकाल कायम झाला. लोकांच्या लक्षात राहिले ते ‘सुटले’ एवढेच.

आंद्रेओत्तींच्या बाजूनेही सांगण्यासारखे आहे. महाखटल्यातले आरोपी तुरुंगातून सुटू नयेत म्हणून त्यांच्याच शेवटच्या सरकारांनी वटहुकूम काढले होते. पण त्यामुळे आधीचा हिशेब पुसला जात नाही. मतपेटीतून जाब विचारायचा राहिला की तो न्यायालयाच्या दारात जातो, आणि न्यायालयाला पुरावा लागतो, कलम लागते, मुदत पाळावी लागते. मतदाराला यातले काहीच लागत नाही. पण त्याच्यापुढे दुसरा पर्याय तरी असावा लागतो.

त्या निकालानंतर दोनच वर्षांनी, २००६ मध्ये, उजव्या आघाडीने सिनेटच्या अध्यक्षपदासाठी आंद्रेओत्तींचे नाव पुढे केले. ते थोडक्यात हरले. तहहयात सिनेटर मात्र ते २०१३ मध्ये मरेपर्यंत होते.